कारण: वरीलप्रमाणे

ठाण्यातल्या एका जुन्या बागेत रविवारी लेकीची चित्रकला स्पर्धा होती, एवढं सांगितलं की पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. साडेसातचा रिपोर्टिंग टाइम, मग प्रमुख पाहुण्यांची वाट, मग पाहुणे, मग पाहुण्यांचं "मी काही फार वेळ घेणार नाही", मग कागदवाटप आणि मग शिट्टी फुंकत फिरणारा एक मुलगा, "पालकांनी दोरीच्या बाहेर, पालकांनी दोरीच्या बाहेर!" गेलो बाहेर. बागेचं नाव मी मुद्दाम सांगत नाहीये, कारण माझं नाव, पत्ता, मोबाईल नंबर आणि सही असं सगळं तिथे जमा आहे, आणि ते कशासाठी जमा आहे हे ऐकलंत तर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

दोरीच्या बाहेर, गेटजवळ उसाच्या रसाची गाडी होती. सगळ्या आयांनी घेतला, मीही घेतला, आलं-लिंबू मारून, फुल ग्लास. आणि अर्ध्या पाऊण तासात जे व्हायचं ते झालं.

माझं माहेर परळचं. घरातून निघताना गॅस बंद केला का, कुलूप ओढून बघितलं का हे प्रश्न बाबांचे. आईचा आम्हा बहिणींना एकच प्रश्न, "जाऊन आलात का?" आलेली नसली तरी जाऊन यायचं. राणीच्या बागेत नेलं तरी शिरल्या शिरल्या वाघ नाही, हत्ती नाही, आधी "ते" कुठे आहे हे ती हेरून ठेवायची आणि मग म्हणायची, आता बघा काय बघायचं ते. 1862 साली लोकांसाठी उघडलेली ती बाग, तिथली गोरखचिंचेची झाडं, घड्याळाचा टॉवर, सगळं आम्हाला आईच्या हिशोबानं पाठ, म्हणजे टॉवरपासून किती लांब आणि कुठल्या बाजूला. ठाण्यात लग्न होऊन आल्यावर मीही असाच नकाशा डोक्यात तयार केलाय. कुठल्या साडीच्या दुकानात वरच्या मजल्यावर आहे, कुठल्या हॉस्पिटलमध्ये पेशंटला भेटायला आल्यासारखं शिरलं की कोणी विचारत नाही, कुठल्या हॉटेलात निदान इडली मागवावी लागते. ठाण्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, गूगलच्या आधीपासून असतो हा नकाशा.

या बागेत तर चक्क पाटी होती. "महिला प्रसाधनगृह" आणि खाली बाण. बाणाच्या दिशेनं गेले तर छान लाल कौलांची एक टुमदार खोली, दारावर पितळी कुलूप आणि भिंतीवर संगमरवरी पाटी, "लोकार्पण सोहळा", त्याखाली नावंच नावं, वरून खाली मानानुसार. लोकांना अर्पण केलंय आणि कुलूप घातलंय.

सिक्युरिटीवाल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, है ना बाथरूम. चाबी काका के पास है."

"कौन से काका?"

"वो काका."

त्यानं बोट दाखवलं तिकडे एका मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली आठ-दहा काका गोलात उभे होते, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या पांढऱ्या टोप्या. मी घाईघाईनं जवळ गेले, जमेल तेवढ्या सभ्यपणे म्हटलं, "एक्सक्यूज मी, लेडीज टॉयलेटची चावी कोणाकडे आहे?" आणि त्या सगळ्यांनी एकदम दोन्ही हात वर केले आणि माझ्या तोंडावर हसले. हा हा हा हा हा. परत हात खाली, श्वास, परत हात वर, हा हा हा हा हा.

हास्यक्लब होता.

आता हे माझ्या लक्षात यायला दोन राऊंड गेले. तोवर मी आपली ओशाळून हसतेय. एक काका हसता हसताच मला खुणेनं "थांबा" म्हणाले, कारण अजून सिंहहास्य बाकी होतं. सिंहहास्य म्हणजे जीभ बाहेर काढून, डोळे मोठे करून, पंजे दाखवून हसायचं. ते माझ्याकडेच बघून केलं त्यांनी, मी गोलाच्या तोंडाशीच उभी होते ना.

मग टाळ्या, मग "हम होंगे स्वस्थ" असलं काहीतरी, आणि शेवटी गोलातून एक काका बाहेर आले. सत्तरी पार केलेली, हाफ स्वेटर, मफलर (ठाण्यात डिसेंबरमध्ये चोवीस डिग्रीला मफलर बांधणारी एक पिढी आहे, त्यांच्याशी वाद घालू नये), खिशाला तीन पेनं. चालण्यात अजिबात घाई नाही.

"बोला ताई."

"काका, चावी."

"कसली?"

कसली म्हणजे? त्यांच्याकडे आणखी कसल्या कसल्या चाव्या असतात हे नंतर कळलं. वाचनालयाच्या कपाटाची, कॅरम ठेवतात त्या पेटीची, माईकच्या खोक्याची, आणि ही. काकांनी सगळी बाग कुलपात घालून खिशात ठेवली होती.

"लेडीज टॉयलेटची."

"हां हां. बसा ना."

"नको, उभीच बरी आहे."

"बसा हो, रजिस्टर काढतो."

आणि त्यांनी खरंच पिशवीतून लांबलचक रजिस्टर काढलं, ते सरकारी असतं ना, लाल कापडी पाठीचं, तसलं. पेन त्याला सुतळीनं बांधलेलं. पान उघडलं, पट्टी ठेवली. अ. क्र., नाव, पत्ता, मोबाईल, येण्याची वेळ, कारण, जाण्याची वेळ, सही, शेरा. मला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक होतेय. म्हटलं, "काका, कारण?"

"कॉलम आहे ना."

"पण टॉयलेटच्या चावीसाठी आणखी काय कारण असणार?"

"तसं नाही ताई. सिस्टीम असते एक. काही लिहा. बाकीच्यांनी बघा काय लिहिलंय."

बाकीच्यांनी लिहिलं होतं "वरीलप्रमाणे". वरच्यानं लिहिलं होतं "वरीलप्रमाणे". त्याच्या वरच्यानंही. मला घाई होती खरी, पण उत्सुकता गप्प बसेना, मी पानाच्या टोकापर्यंत गेले, सगळ्यात वरच्या ओळीत, कोणाच्या तरी सुबक अक्षरात, कारण: "मीटर रीडिंग".

म्हणजे त्या बागेत आजवर जी कोणी बाई (आणि आकडा फार नव्हता, पान अर्धं रिकामं होतं) शौचालयाला गेली ती अधिकृतरीत्या मीटर रीडिंग घ्यायला गेली होती. मीही लिहिलं, वरीलप्रमाणे. शेऱ्यात काय लिहायचं ते काका लिहिणार होते, तो कॉलम माझा नव्हता.

"पत्त्यात बिल्डिंगचं नाव राहिलं," काका म्हणाले. ते लिहिलं. "कुठल्या साली झाली ही बिल्डिंग?" म्हटलं माहीत नाही. "अहो तिथे पूर्वी भाताची खाचरं होती." बरं. "तुम्ही मूळच्या ठाण्याच्या?" नाही, परळ. इथे मी मोठा घोळ करून ठेवला, म्हणजे घोळ कसला, परळ हे खरं उत्तर होतं, पण मूळचा ठाणेकर समोर परळची बाई दिसली की त्याला ठाणं समजावून सांगावंसं वाटतंच, आणि काका तर रिटायर्ड.

"तुम्हाला माहितीय का ताई, ठाण्याचं मूळ नाव श्रीस्थानक. शिलाहारांची राजधानी. मार्को पोलोनं लिहून ठेवलंय ठाण्याबद्दल."

"हो का. काका, चावी..."

"देतो ना. आणि ही बाग! ही बाग साधी नाही." मग त्यांनी मला जोत्याजवळचा दगड दाखवला. दगडावर बाग कोणी, कधी दिली ते कोरलेलं आहे, पण दरवर्षी रंगरंगोटीत त्याच्यावरही ऑइलपेंटचा एक हात बसतो, त्यामुळे अक्षरं बुजून दगड आता गुळगुळीत पिवळा झालाय. काका त्याच्यावरून बोट फिरवत होते, "इथे साल आहे बघा. हाताला लागतं." मला काही लागलं नाही. मला दुसरंच काही लागलेलं होतं.

"पोर्तुगीजांनी 1730 साली इथे किल्ला बांधायला घेतला..."

"काका, किल्ल्याचं नंतर, आधी किल्ली द्या."

ते हसले. हास्यक्लबवालं नाही, खरं हसले, त्यांना ते आवडलं, आणि तिथेच माझं नुकसान झालं. हजरजबाबी श्रोता मिळाला म्हटल्यावर ते बाकावर बसलेच. 1737 मध्ये मराठ्यांनी तो किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, 1774 ला इंग्रजांनी आपल्याकडून घेतला, आणि आज जे सेंट्रल जेल आहे ना, तोच तो. हे सगळं मला एरवी ऐकायला आवडलं असतं, खरंच, मी मराठी ग्रंथसंग्रहालयाची मेंबर आहे, 1893 पासूनची संस्था आहे ती, मी काही अडाणी नाही. पण मी पायांवर पाय घालून उभी होते, आणि नेमकं त्याच वेळी कारंजं सुरू झालं.

कारंज्याला टायमर आहे म्हणे. सुशोभीकरणात बसवलंय. सहा रंगांचे दिवे, मधोमध डॉल्फिन, आणि डॉल्फिनच्या तोंडातून पाणी. सुळ्ळ. सुळ्ळ. थांबत थांबत.

"आता त्रिंबकजी डेंगळे तुम्हाला माहीत असतील," काका म्हणाले.

मी मान डोलावली. शब्द काढणं परवडत नव्हतं.

"पेशव्यांचा उजवा हात. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनात इंग्रजांनी पकडून इथेच ठेवला, आपल्या ठाण्याच्या किल्ल्यात. पहारा सगळा गोऱ्यांचा, म्हणजे फितुरी नको. पण एक मराठी मोतद्दार होता, एका साहेबाचा घोडा फिरवणारा. तो रोज खिडकीखालून घोडा नेताना गाणं म्हणायचा. काय म्हणायचा?"

"काय?"

"निरोप! गाण्यात निरोप! गोऱ्यांना मराठी कुठे येतंय. आणि मग 1816 चा सप्टेंबर, संध्याकाळची वेळ. त्रिंबकजी पहारेकऱ्याला काय सांगून बाहेर पडले असतील?"

मी बघत राहिले.

"शौचाला जाऊन येतो म्हणून! आणि तिथल्या भिंतीला भोक पाडलेलं होतं, त्यातून पसार!" काकांनी मांडीवर थाप मारली. "आहात कुठे ताई!"

कुठे आहे म्हणजे, मी तुमच्यासमोर उभी आहे काका, गोष्टीतल्या त्या पहिल्या अर्ध्या भागातच अडकलेली आहे. ईस्ट इंडिया कंपनीनं खुनाच्या आरोपातल्या, अख्ख्या हिंदुस्थानातल्या सगळ्यात डेंजर कैद्याला तो म्हणाला तेव्हा जाऊ दिलं. बिल्डिंगचं नाव विचारलं नाही. कारण लिहायला लावलं नाही. आणि माझ्याकडे आधार कार्डसुद्धा होतं.

हे मी त्यांना म्हटलं. थोडं चढ्या आवाजातच म्हटलं बहुतेक, कारण शेजारचे दोन काका वळून बघायला लागले. त्यावर चावीवाले काका शांतपणे म्हणाले (आणि हे वाक्य मी जसंच्या तसं देतेय, कारण गेले काही दिवस ते माझ्या डोक्यात घर करून बसलंय), "ताई, तुम्हाला वाटतं आम्हाला हौस आहे का? मागे उघडं ठेवलं होतं. लोक वापरायला लागले."

लोक वापरायला लागले!

यावर माणूस काय बोलणार. मी बोललेही असते, पण तोवर त्यांनी चावी काढली. ती हरवू नये म्हणून तिला ओपन जिममधल्या मोडक्या सायकलचं लोखंडी पॅडल बांधलेलं. पाऊण किलो सहज असेल. ते पॅडल हातात धरून मी दोरीच्या कडेकडेनं, सगळ्या पालकांच्या समोरून, त्या लाल कौलाच्या खोलीकडे निघाले आणि काका मागून आले, का तर कुलूप जरा अडतं. पालकांना काय कळायचं ते कळलं. एका आईनं तर मला "ऑल द बेस्ट" असा अंगठा दाखवला.

कुलूप उघडलं. दार ढकललं. दार अर्धंच उघडलं.

आत खुर्च्या होत्या. प्लॅस्टिकच्या, लाल, एकात एक घातलेल्या, छतापर्यंत. त्यांच्या बाजूला सतरंज्यांच्या वळकट्या, दोन स्पीकर, झेंड्याचा पाइप, "वर्धापनदिन" लिहिलेला गुंडाळलेला बॅनर आणि चहाचा मोठा थर्मास. या सगळ्याच्या पलीकडे, खुर्च्यांच्या पायांच्या फटीतून, पांढराशुभ्र कमोड दिसत होता. झाकणावर कंपनीचं निळं स्टिकर अजून तसंच चिकटलेलं, कोपरासुद्धा निघालेला नाही.

काका माझ्या खांद्यावरून आत डोकावले आणि अभिमानानं म्हणाले, "बघा. एकदम कोरा. इतकी वर्षं झाली, मेंटेनन्स बघा."

"काका, इथे खुर्च्या आहेत."

"हां, त्या कार्यक्रमाच्या. लेडीज फारशा येत नाहीत ना, म्हणून जागा वाया कशाला."

"आणि पाणी?"

"फ्लशचं प्रोसेसमध्ये आहे."

प्रोसेसवरून राणीच्या बागेतलाच दगडी हत्ती आठवला. भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर उभा आहे तो. मूळ घारापुरीचा, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 साली इंग्रज त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले, तुकडे बागेत आणून टाकले आणि ते जोडून हत्ती उभा राहिला 1914 मध्ये. पन्नास वर्षं. तेव्हा प्रोसेस म्हणजे काय हे मला माहीत आहे, मी तिच्या सावलीत खेळून मोठी झालेय. फरक एवढाच की हत्तीला घाई नव्हती.

जेन्ट्सचं विचारावं का असंही मनात आलं. ते उघडं होतं, चोवीस तास. त्याच्या दाराबाहेरच्या भिंतीवर देवांच्या टाइल्स लावलेल्या, साईबाबा, गणपती, एक क्रॉस, एक मक्का, सगळे धर्म एका ओळीत, कशासाठी ते सांगायला नकोच. म्हणजे आत उघडं शौचालय असूनही यांना भिंतच लागते आणि त्यासाठी सगळ्या देवांना ड्यूटी लावावी लागते. आणि कुलूप कोणाच्या दाराला? तर जिला भिंत चालत नाही तिच्या.

हे लिहिताना माझा विनोद जातो हो, काय करू. मुंबईत 2011 पासून बायकांनी "राइट टू पी" म्हणून चळवळ चालवली, मागणी काय तर पुरुषांना मुतारी फुकट असते आणि आमच्याकडून पैसे घेतात ते बंद करा. त्यासाठी चळवळ लागते. 2015 च्या डिसेंबरात हायकोर्टानं सांगितलं की महापालिकांनी बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधावीत. त्यासाठी कोर्ट लागतं. आणि मग बांधली, बरं का, बांधली नाहीत असं कोणी म्हणू नये, लाल कौलं घालून बांधली, संगमरवरी पाटी लावली, फोटो काढले, आणि आत खुर्च्या ठेवल्या. बाजारात भाजी विकणाऱ्या बायका दिवसभर काय करतात, ट्रॅफिक पोलीस बाई चौकात आठ-आठ तास काय करते, हे मी कधीतरी विचारून बघितलंय, उत्तर एकच, पाणी पीत नाही. तलावांचं शहर म्हणवतो आपण स्वतःला आणि अर्धं शहर घशाला कोरड पाडून घराबाहेर पडतं. बागेत सेल्फी पॉइंट आहे, पायाला टोचणारा ॲक्युप्रेशर ट्रॅक आहे, डॉल्फिन आहे, ज्याच्या तोंडातून पाणी येतं. येतं ना पाणी! डॉल्फिनला येतं, फ्लशला येत नाही.

नंतर घरी आल्यावर मी रागारागात वाचत बसले तेव्हा कळलं, 1851 साली लंडनला हाइड पार्कमध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या प्लंबरनं लोकांसाठी शौचालयं बसवली. एक पेनी द्यायची आणि जायचं. 8,27,280 लोकांनी त्याचा लाभ घेतला. एवढा नेमका आकडा कुठून आला याचाच मी विचार करतेय. नुसती नाणी मोजली असतील असं लोक म्हणतील. मला खात्री आहे की हाइड पार्कात एका झाडाखाली एक काका बसलेले असणार, मफलर लावून, आणि 8,27,280 व्या माणसानं कारणाच्या रकान्यात वरीलप्रमाणे लिहिलं असणार. पण पेनी घेऊन निदान आत सोडत होते!

तर मी पॅडल काकांच्या हातात ठेवलं. ते म्हणाले, "जाण्याची वेळ आणि सही." मी सही केली. शेऱ्यात त्यांनी माझ्यासमोर लिहिलं, "समाधानकारक".

मग मी रिक्षा पकडली. पहिल्या दोघांनी "नजदीक का नहीं" म्हणून मान फिरवली, तिसऱ्यानं माझा चेहरा बघून काही न बोलता मीटर टाकला. नौपाड्यात माझ्या आत्तेसासूबाई राहतात. दिवाळीला फराळ पोचवायचा राहून गेला होता म्हणून त्या रुसलेल्या होत्या आणि रुसवा काढायला निवांत जाऊ म्हणून मी टाळत होते. ठाण्याच्या रस्त्यांवर किती स्पीडब्रेकर आहेत आणि त्यातले किती बेकायदेशीर असावेत याचं मत त्या दिवशी मी कायमचं बनवलं. दार उघडलं आत्यांनी. मला बघून एक भुवई वर, "आज कशी वाट चुकलीस?"

"आत्या, आधी बाथरूम."

बाहेर आले तेव्हा टेबलावर कोकम सरबताचा ग्लास होता, बाजूला पाण्याचा तांब्या, आणि आत गॅसवर चहा. आत्या म्हणाल्या, "बस. फराळाला वेळ नाही, पण याला बरा आहे वेळ." मी सगळं प्यायले. नाही म्हणायला तोंड नव्हतं. परत बागेत जायचं होतं, लेकीला घ्यायला, हे मला पूर्ण माहीत असताना मी सगळं प्यायले. लेकीनं 'माझे सुंदर उद्यान' काढलं होतं, डॉल्फिनसकट, आणि झाडाखाली हात वर केलेली बरीच माणसं. मी विचारलं हे कोण, तर म्हणाली, "हे हसतायत. तू बाजूला उभी होतीस ना, तुला पण काढलं होतं, पण मावली नाहीस म्हणून खोडलं."

रजिस्टरात मोबाईल नंबर दिल्याचं फळ दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला मिळालं. "You were added" वगैरे ते काय असतं ते मराठीत आलं, काकांनी मला एका ग्रुपमध्ये घेतलं होतं. ग्रुपचं नाव "उद्यान लाभार्थी". लाभार्थी! रोज सकाळी उगवत्या सूर्याचा फोटो, सुविचार आणि मागोमाग काकांचा ठाण्याचा इतिहास, क्रमशः. पहिल्या रेल्वेवर तीन भाग झालेत, 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे 34 किलोमीटर, 14 डबे, 400 पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. वाचून माझ्या मनात एकच प्रश्न आला, ते 400 जण ठाण्याला उतरल्यावर कुठे गेले असतील, आणि चावी कोणाकडे होती. तो प्रश्न मी विचारला नाही.

पण काल रात्री राहवलं नाही. ग्रुपवर लिहिलं, सभ्य भाषेत, की महिला प्रसाधनगृहात खुर्च्या ठेवल्या आहेत, पाणी नाही, मला रविवारी नाइलाजानं नौपाड्यात नातेवाइकांकडे जावं लागलं, तरी कृपया लक्ष घालावं. दहा मिनिटं शांतता. मग काकांचा मेसेज आला, "ग्रुपवर फक्त उद्यानाविषयीचेच विषय मांडावेत ही नम्र विनंती", खाली हात जोडलेले, आणि त्याखाली एकापाठोपाठ एक बारा-तेरा अंगठे.

मी फोन ठेवून कुकर लावायला गेले. परत आले तर एका अनोळखी नंबरवरून पर्सनल मेसेज. डीपीवर कुठल्यातरी बाई, कडेवर लहान मूल.

"ताई नमस्कार. मीपण लाभार्थी ग्रुपवर आहे. नौपाड्यात नक्की कुठे?"